शेळके बाईंची रांग

शेळके बाईंशी घासाघीस करून कुणी काही पदरात पाडून घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. मी प्रयत्न केला आणि तोंडावर पडलो. माझा धंदा जुन्या मोटारसायकली घ्यायचा आणि विकायचा. समोरचा माणूस कुठे नमेल हे मला तो दुकानाची पायरी चढतानाच कळतं. बाई कुठेच नमल्या नाहीत. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. तो गेला की मग लिहीन असं म्हणत होतो, पण तो जाईल असं दिसत नाही.

माझ्या मुलीच्या, सुप्रियाच्या शाळेत बाई खेळ शिकवायच्या. मूळच्या कोडोलीच्या. बुटक्या, काटक, उजवा गुडघा किंचित वाकडा पडणारा. गडद निळा ट्रॅकसूट हा त्यांचा बारा महिन्यांचा पोशाख. पालक सभेला तोच, झेंडावंदनाला तोच, एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नातही त्याच कपड्यांत अक्षता टाकून पंगतीला बसलेल्या मी त्यांना पाहिलंय. मंगळसूत्र कॉलरच्या आत आणि शिट्टी बाहेर. स्कूटीच्या हँडलला जाळीत बांधलेले चेंडू लोंबत असायचे, त्यामुळे वळणावर त्या गाडी फार सावकाश घ्यायच्या. आवाज मात्र सावकाश नव्हता. कोल्हापूरच्या जुन्या बायका बोलतात तसं ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलायच्या, आणि मैदानाच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाच्या चहाच्या गाड्यावर ऐकू जायचं.

मुलींचा फुटबॉल संघ त्यांनी उभा केला होता. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड नवं नाही, पण ते पोरांचं. मुलींना बूट घ्यायला घरून नकार मिळतो हे बाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी कुणाकुणाकडून मागून शाळेसाठीच बूट जमवले होते. ते मैदानाकडेच्या खोलीत एका लोखंडी पेटीत कुलूपबंद असायचे. शाळा सुटली की मुलींनी पेटीपुढे रांग लावायची. बाई पेटीवर बसायच्या. प्रत्येकीला त्या दिवशी वर्गात शिकवलेल्यातला एक प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर बूट मिळणार, चुकलं तर रांगेच्या शेवटी जायचं.

आता गंमत अशी की उत्तर बरोबर की चूक हे बाईंना बऱ्याचदा कळायचं नाही. मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत जाऊन ‘आज काय शिकवलंसा?’ असं विचारून प्रश्न तेवढे गोळा करून आणायच्या. उत्तरांचं काय, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. एकीनं उत्तर दिलं की रांगेतल्या मागच्या मुलीला विचारायचं, “बरोबर हाय का ग?” उत्तर चुकीचं असेल तर दोघींनीही शेवटी जायचं; मागचीनं चुकीला हो म्हटलं आणि रांगेत कुणी ते पकडलं तरी तेच. त्यामुळे पुढच्या मुलीला येत नसेल तर मागच्या मुलीचेही बूट अडकायचे. मग रांगेतच शिकवणी सुरू व्हायची. खोलीच्या भिंतीवर खडूनं समीकरणं, कुणी कुणाच्या पाठीवर बोटानं नकाशा काढतेय, कुणी व्याख्या पाठ करून घेतेय. मी सुप्रियाला न्यायला जायचो तेव्हा हा बाजार पाहून थक्क व्हायचो.

एकदा एका मुलीनं सांगितलं, “प्रकाशसंश्लेषण म्हणजे पानं उन्हात वाळणं.” मागे तिची जिवाभावाची मैत्रीण होती. ती म्हणाली, “बरोबर हाय, बाई.” बाईंनी बूट काढून दिले. नेमके विज्ञानाचे सर शेजारून चालले होते, ते हसायला लागले.

“काय झालं ओ, सर?”

“काही नाही, बाई. तुमच्या झाडांना पाणी घाला.”

बाईंना सगळं समजल्यावर त्या पेटीवरून उठल्या. “चला. तिघींनी मैदानाला फेरी मारायची.”

“तिघी कोण, बाई?”

“तू चुकीचं बोललीस, तिनं चुकीला मान डोलावली, आणि मला चुकीचं पटलं. मी काय देवाची हाय व्हय?”

आणि त्या वाकड्या गुडघ्यानिशी त्यांच्याबरोबर धावल्या. पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या होत्या.

बाईंनी हे का चालवलंय, ते सुप्रियाच्या आईला त्यांनीच एकदा सांगितलं होतं. स्वतः बाई शाळेत असताना कबड्डी खेळायच्या आणि दहावीला नापास झाल्या. घरच्यांनी खेळावर खापर फोडलं. आईनं त्यांचे कापडी बूट त्यांच्यादेखत चुलीत घातले. “वास आजून नाकात हाय,” असं बाई म्हणाल्या म्हणे. शाळेतल्या बाकीच्यांचंही मत असंच होतं की खेळणारी पोरं ढ असतात किंवा होतात. बाईंनी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगून ठेवलं होतं, “माझ्या टीमची एक पोरगी बोर्डाला नापास झाली तर दहावीच्या पोरी मैदानावर आणू नका. मी मागणार न्हाय.” हे बोलणं शहाणपणाचं नव्हतं. धंद्यात मी असलं कधी बोललो नसतो. पण या बोलीवरच दहावीच्या मुली खेळत होत्या, आणि बऱ्या मार्कांनी पास होत होत्या.

सुप्रिया गोली होती. उंच, लांब हातांची, चेंडूवर झडप घालताना घाबरत नसे. गणितात मात्र तिचं डोकं चालायचं नाही, आणि हे तिनं माझ्याकडूनच घेतलं होतं. मी शाहूवाडीकडचा. दहावीत गणितात बसलो आणि उठलोच नाही. कोल्हापुरात आलो, गॅरेजमध्ये काळे हात केले, पुढे माझं स्वतःचं दुकान झालं. दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, पण कुणी शिक्षण विचारलं की मी अजूनही गाडीच्या इंजिनात डोकं घालतो. पोरीनं दहावी ओलांडावी, एवढं एकच मला हवं होतं. आणि रांगेच्या कृपेनं ती ओलांडेल असं दिसायला लागलं होतं. नाझिया नावाची एक मुलगी संघाची कप्तान होती, गणितात फार हुशार. ती मुद्दाम सुप्रियाच्या मागे उभी राहायची. “काका, हिला वर्गमूळ येईपर्यंत माझेपण बूट पेटीत,” असं मला हसत सांगायची.

दहावीच्या वर्षी शालेय स्पर्धेत मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. त्याच आठवड्यात घटक चाचणीचे निकाल लागले आणि सुप्रिया गणितात नापास झाली. बाईंनी तिला संघातून काढलं. नुसतं सामन्यातून नाही, मैदानावरूनच. “पास होऊन ये, मग रांगेत उभी राहा,” असं म्हणाल्या.

मी दुकान उघडं टाकून गेलो. बाई पेटीवर बसून फाटक्या जाळीला गाठी मारत होत्या.

“बाई, फायनल हाय. एक मॅच खेळू द्या, मग महिनाभर घरात कोंडतो तिला.”

“न्हाय जमायचं, सुप्रियाचे पप्पा.”

“बरं, दुसरा हाफ तरी.”

“मोटरसायकल हाय व्हय ही? निम्मी देऊ कशी?”

“मग पेनल्टी लागल्या तर? तेवढ्यापुरती तरी उतरवा.”

त्या हसल्या. हसल्या म्हणूनच माझं डोकं फिरलं. “चाचणी हाय ती, बोर्ड न्हवं! शिट्टी गळ्यात हाय म्हणून कलेक्टर झालासा व्हय?”

मुली रांगेत उभ्या होत्या. बाईंनी जाळी बाजूला ठेवली. “तुमची एकटीच न्हाय माझ्याकडं. हिला ठेवली आणि बोर्डाला घसरली, तर ह्या सगळ्यांचं मैदान जातंय. मी शब्द दिलाय.”

“शब्द तुमचा आणि भरायचं माझ्या पोरीनं?”

बाईंनी जाळी पुन्हा मांडीवर ओढली. हा माझा प्रश्न बरोबर होता असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

अंतिम सामना मी पाहिला. सुप्रिया रेषेबाहेर बसली होती, मांडीवर सगळ्यांची जॅकेटं. संघ जिंकला. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, फोटोला उभ्या राहिल्या. बाई ओरडत होत्या, “सुपे, ये की ग! तू बी टीममधलीच हाईस!” सुप्रिया उठली नाही. मान खाली घालून एकेक जॅकेट घडी करत राहिली, घडी झालेलं पुन्हा उलगडून पुन्हा घडी. शेजारी बसलेल्या एका गृहस्थानं मला विचारलं, “तुमची कुठली ओ, पावणं?” मी गोलीकडे, म्हणजे दुसऱ्याच मुलीकडे बोट दाखवलं.

त्यानंतर सुप्रिया शाळा सुटली की सरळ घरी येऊ लागली. अभ्यासाला वेळ भरपूर. टेबल घेतलं, दिवा घेतला, शिकवणी लावली. ती पुस्तक उघडून बसायची आणि एकाच पानावर बसून असायची. सकाळी उठवावं लागायचं, जेवताना बोलायची नाही. आम्हाला वाटलं, दहावीचं दडपण. शाळेला वाटलं, पोरगी आता गंभीर झाली. मार्चमध्ये पेपर दिले आणि गणितात ती गेली. बाकीच्या विषयांतही कशीबशी तरली. निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीत तीन घरांतून पेढे आले. मी ते घेतले, ‘अभिनंदन’ म्हटलं आणि दुकानाचं शटर आतून ओढून बसलो. मी जिथे अडकलो होतो, बरोबर तिथेच पोरगी अडकली होती.

जूनमध्ये पालक सभा झाली. मी जायलाच नको होतं असं सुप्रियाची आई म्हणते. पण सांगायचं होतं ते खरं होतं. मी उठून सांगितलं की माझी पोरगी खेळत होती तोवर अभ्यास करत होती, खेळातनं काढली आणि ती बसली. हे एवढंच शांतपणे म्हटलं असतं तर बरं. मी टेबलावर हात आपटत, बाईंकडे बोट दाखवत, लोकांच्या अंगावर जात म्हटलं.

मुख्याध्यापकांनी मला संपवू दिलं आणि म्हणाले, “पालकांचा संताप योग्य आहे. मूळ कारण खेळच. खेळच नसता तर काढायचा प्रश्न आला असता का? यापुढे दहावीच्या मुलींचा सराव बंद.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडलो, “अहो, तसं न्हवं! उलटं म्हणतोय मी!” मागून एकानं माझा शर्ट धरून खाली ओढलं. “बसा की ओ आता. तुमच्याच बाजूनं निकाल लागलाय.”

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी विचारलं, “शेळके बाई, तुमचाच शब्द होता ना?” त्या म्हणाल्या, “व्हय. माझाच होता.” मी ओढला गेलेला शर्ट सरळ करत खाली बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच लोकांनी माझ्या बोलण्यावर टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मला कान झाकावेसे वाटत होते.

पुढच्या रविवारी बाई आमच्या घरी आल्या. दारात स्कूटी लावली, चपला बाहेर काढल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. सुप्रिया आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. सुप्रियाच्या आईनं चहा आणला. मी मनात म्हणत होतो, आता सभेतलं काढणार, आणि काढलं की मी पण सोडणार नाही. मी तयारीत होतो.

“सुप्रियाचे पप्पा,” त्या म्हणाल्या, “मी चुकलो.”

मग त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. बंद दाराकडे तोंड करून, त्यांच्या त्या मैदानी आवाजात बोलू लागल्या. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला.

“सुपे, ऐकतीस न्हवं? मला वाटायचं, अभ्यास झाला तर खेळ द्यायचा. बक्षीस असतंय तसा. तुझं तसं न्हवतंच. तुझा अभ्यास रांगेत होत हुता, आणि मी तुला रांगेतनंच काढलं. घरात बसून एकटीला यील असं धरून चाललो. येत न्हाय एकटीला. मला तरी कुठं आलतं? आईनं बूट जाळलं, त्यानंतर माझ्या डोक्यात एक अक्षर शिरलं न्हवतं. हे मला ठाऊक असायला पायजे हुतं. मलाच ठाऊक असायला पायजे हुतं.”

हे मला हवं होतं. निकालापासून मी याचीच वाट बघत होतो की बाईंनी माझ्या दारात यावं आणि चुकलो म्हणावं. मागितलं होतं ते पूर्ण मिळालं, तेही शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं. आणि मला वर बघता येईना. कपातल्या चहावर साय धरत होती, तिच्याकडे मी बघत राहिलो.

आतून सुप्रियाचा आवाज आला. “तुमच्या दहावीच्या पोरींना आता खेळू देत न्हाईत म्हणं. पप्पांच्यामुळं.”

“ते माझं मी बघतो,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. “तू जुलैची परीक्षा देणार हाईस. उद्या सकाळी मैदानावर ये. बूट आधी, प्रश्न मागनं.”

“गणित कोण घेणार? तुम्हाला येत न्हाय.”

“नाझिया येणार हाय की. रांगेत पुढं मी, माझ्या मागं तू, तुझ्या मागं नाझिया. माझं उत्तर बरोबर हाय का ते तू सांगायचं.”

आत कडी सरकल्याचा आवाज आला. मग दार उघडलं.

सकाळी मीच तिला सोडायला जायचो. आत जात नव्हतो. कुंपणापलीकडे गाडी लावून उभा राहायचो. आधी चिखलात चेंडू मारणं, बाई मारतायत, सुप्रिया अडवतेय. मग खोलीच्या पायरीवर तिघींची रांग. बाईंना वर्गसमीकरण काही केल्या सुटायचं नाही. “बाई, चिन्ह बदला की!” असं सुप्रिया ओरडायची. “कितींदा सांगू?” बाई हातातला खडू कपाळाला लावायच्या आणि चुकल्याबद्दल निमूटपणे फेरी मारून यायच्या. आपल्या शिक्षिकेला चुकताना बघून पोरगी इतकी खुश व्हायची की तिला स्वतःचं चुकणं जड वाटेनासं झालं. घरी जेवताना ती बोलायला लागली. बाईंचं कालचं गणित कुठे चुकलं, हे आम्हाला ताटात बोटानं समजावून सांगायची. तसं समजावता समजावता मलाही पहिल्यांदा थोडंसं कळलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

जुलैच्या परीक्षेत सुप्रिया पास झाली.

पेढे घेऊन मी शाळेकडे गेलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंची संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या शाळेत बदली झाली, म्हणून त्या दिवशी त्यांना पाहिलं तेच शेवटचं. काय बोलायचं ते मी गाडीवरून येताना जुळवलं होतं. सभेचं मी बोलणार होतो. तुमचा नियम चुकीचा होता हेही सांगणार होतो, कारण ते सोडायची माझी तयारी नव्हती. पण आधी सभेचं.

मैदानावर बाई आठवीच्या मुलींना घेऊन होत्या. तारेच्या कुंपणाबाहेर दहावीच्या मुली उभ्या होत्या, पाठीवर दप्तरं, तारेत बोटं अडकवून आत बघत. यंदाच्या दहावीच्या. सुप्रियानंतर यांचीच पाळी होती. त्यातल्या एकीनं दप्तराच्या पट्ट्याला गोलीचे हातमोजे बांधले होते, कशासाठी कुणास ठाऊक. फाटकापाशी जायला मला त्यांच्यामधूनच जावं लागणार होतं. मी थांबलो. मग हातमोजेवालीला हाक मारून पुडा तिच्या हातात दिला.

“एवढं बाईंना दे.”

“कुणी दिलं म्हणून सांगू, काका?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला नाव सांगता आलं नाही. “दे नुसतं,” म्हणालो आणि रस्ता ओलांडून गाडीपाशी आलो.

मुलीनं तारेवरून हात उंच करून हाक मारली. बाई लंगडत आल्या. पुडा घेतला, उघडला. कुणी दिलं, हे त्यांनी विचारलं नाही. कुंपणाच्या भोकांतून एकेक पेढा बाहेर देऊ लागल्या, आधी बाहेरच्यांना. आणि मग त्यांचा तो आवाज रस्त्यापलीकडे स्पष्ट आला.

“आपली सुप्रिया पास झाली ग!”

तारेबाहेरच्या त्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. दप्तरं पाठीवर, तोंडात पेढा, आणि मनापासून, उड्या मारून टाळ्या. माझ्या मुलीसाठी. मी हेल्मेट घातलं, काच खाली ओढली आणि गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. तिथेच चालू केली असती तर आवाजानं त्यांनी वळून पाहिलं असतं.